पंधरा वॉटमध्ये धमाल!

तुमच्या ऑफिसबॅगेतला तो लॅपटॉप, मोठी एक्सेल शीट उघडताना उसासे टाकणारा, त्याच्यावर झकास गेम खेळता येतो असं कुणी सांगितलं तर? हसाल ना! मीही हसलो असतो. पण २०२५ च्या दिवाळीत रिठदला गेलो आणि चार दिवस त्याच उद्योगात घालवले.

रिठद म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं गाव. माझ्या ताईचं सासर. फराळाचं ताट पुढे सरकवत ताईनं विषय काढला, "पोट्टं गेमिंगचा लॅपटॉप मागून राह्यलं बा. ऐंशी हजार! तू कॉम्प्युटरवाला. तूच सांग, घ्यायचा का नाई?"

दाजी गप्प. दाजी गप्प म्हणजे मनात हिशेब चालू! २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हा लॅपटॉप पंधरा क्विंटल सोयाबीनचा. तेही हमीभाव पदरात पडला तर!

भाच्याकडे लॅपटॉप होता. कुठल्याशा ऑफिसनं वापरून काढून टाकलेला, सेकंडहॅण्ड घेतलेला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. "मामा, याच्यावर काहीच चालत नाई. वर्गातले पोट्टे हसतात," तो म्हणाला.

ते शेवटचं वाक्य मला बरोब्बर लागलं. २००५ साली माझ्या होस्टेलच्या खोलीतही असाच एक डबा होता. २५६ एमबी रॅम, ग्राफिक्स मदरबोर्डवरचंच. शेजारच्या खोलीत 'व्हाइस सिटी' लोण्यासारखी पळायची, माझ्याकडे पासिंजर गाडीसारखी. मित्र आले की मी 'कॉम्प्युटर बिघडलाय' म्हणून सांगायचो. आई-बाबांनी कर्ज काढून घेतलेल्या कॉम्प्युटरची मला लाज वाटायची. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

म्हणून भाच्याला म्हटलं, "आधी याच्याकडून काम करून घेऊ. मग ठरवू."

गणित सोपं आहे

अशा लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारण १५ वॉटच्या हिशेबानं बनवलेला असतो. २०२५ साली आलेलं आरटीएक्स ५०९० हे एकटं ग्राफिक्स कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज खातं! तेव्हा बरोबरी करायची नाहीच. ओझं कमी करायचं.

सगळ्यात मोठं ओझं असतं पिक्सेलचं. १९२० बाय १०८० म्हणजे स्क्रीनवर जवळपास २१ लाख ठिपके, आणि प्रत्येक फ्रेमला ते सगळे नव्यानं रंगवायचे. १२८० बाय ७२० केलं की ठिपके उरतात सव्वानऊ लाख. निम्म्याहून कमी काम! मग सावल्या बंद. गाडी पळवताना झाडाची सावली कोण बघतं?

दुसरी गोष्ट रॅमची. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की ग्राफिक्सही प्रोसेसरच्याच रॅममधून चालतं. एक पट्टी म्हणजे एकपदरी रस्ता. तशीच दुसरी लावली की रस्ता दुपदरी! माझ्या जुन्या लॅपटॉपमधली ८ जीबीची पट्टी मी बरोबर नेली होतीच. मागचं झाकण उघडलं, तर पंख्यात धुळीची गादी. तीही साफ केली.

रात्री 'जीटीए ५' लावला. सेकंदाला तीसच्या आसपास फ्रेम्स. भाच्याचे डोळे एवढे मोठे! तेवढ्यात लाइट गेली. घर अंधारात, आमची गाडी मात्र बॅटरीवर सुसाट.

तंगीतली कल्पना

बरं, कमी ताकदीत गेम बसवणं ही काही फक्त आपली गरिबांची धडपड नाही. १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो? तो बनवताना जॉर्डन मेकनरकडे अॅपल टू कॉम्प्युटरमध्ये नव्या शत्रूचं चित्र मावेल एवढी मेमरीच उरली नव्हती. मग त्यानं राजपुत्राचंच चित्र थोडं सरकवून त्यावर चढवलं आणि त्यातून सावलीचा राजपुत्र जन्माला आला. गेममधलं सगळ्यात लक्षात राहिलेलं पात्र तंगीतून आलं!

२०२० चा 'व्हॅलोरंट' तर साध्या इंटेल ग्राफिक्सवरही चालावा म्हणूनच आखलेला. आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी आला तो हातात मावणाऱ्या निन्टेन्डो स्विचवर, ज्याची चिप मुळात टॅब्लेटच्या जातकुळीतली.

खोटं कशाला बोलू? आजचे अगदी नवे, भारीतले गेम्स या लॅपटॉपवर हलणारही नाहीत. हे भाच्यालाही स्पष्ट सांगितलं.

तुम्हीही करून बघा

- रिझोल्युशन ७२०पी, सावल्या बंद, बाकी सगळं 'लो'.
- फ्रेम्स तीसवर बांधून टाका. लॅपटॉप कमी तापेल.
- दुसरी रॅम घेण्याआधी रिकामा स्लॉट आहे का ते तपासा.
- एसएसडीनं गेम लवकर उघडेल, पण फ्रेम्स वाढतीलच असं नाही.
- सेकंडहॅण्ड इंटेल लॅपटॉप घेताना आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारण तिथूनच पुढचे प्रोसेसर लागतात.
- ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र नको हं! आयटीवाले सगळं बघत असतात.

मग ऐंशी हजारांचं काय?

निघायच्या आदल्या रात्री भाच्याला गोडो दाखवलं. गेम बनवायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या मशीनवरही चालतं. म्हटलं, "वर्षभर यावर काहीतरी बनव. तू बनवलेलं या लॅपटॉपला झेपेनासं झालं, की नव्याचे अर्धे पैसे माझे." ताईनं सुटकेचा श्वास सोडला. भाच्याचं तोंड जरा पडलं, पण नाही म्हणाला नाही.

महिन्याभरानं फोन आला. त्यानं गेम बनवलाय. रात्रीचं शेत, सोयाबीनमध्ये घुसणारे रोही, आणि बॅटरी घेऊन त्यांना हाकलणारा एक माणूस. रोही अजून चौकोनी आहेत, माणसाला पाय नाहीत.

"वर्गातले पोट्टे काय म्हणतात?" मी विचारलं.

"त्यांचं राहू द्या मामा. बाबाच सोडत नाहीत लॅपटॉप. रोज रात्री खेळतात, आणि मग मलाच बोलतात, 'काहून रे, रोही एवढा हळू पळते का कधी?'"