बर्फ, पाणी, वाफ : वर्गातील प्रयोगशाळा

पदार्थाच्या स्थायू, द्रव आणि वायू या तीन अवस्था शाळेतील बहुतेक मुलांना तोंडपाठ असतात. परंतु पाठांतर म्हणजे आकलन नव्हे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ ग्रामीण शाळांत सुरू झालेला आणि २००२ पर्यंत चाललेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकावे, याच विचारावर उभा होता. अशा प्रयोगांना महागडी उपकरणे लागत नाहीत.

पेल्याच्या तळाशी कोरडा कागद घट्ट बसवून पेला उपडा व सरळ पाण्यात बुडविल्यास कागद भिजत नाही. रिकामा भासणारा पेला हवेने भरलेला असतो, म्हणजे वायूही जागा व्यापतो.

कुटलेला बर्फ भांड्यात सतत ढवळत मंद आचेवर ठेवला, तर तो पूर्ण वितळेपर्यंत तापमापी शून्य अंशाजवळच राहते. मिळणारी उष्णता जाते कोठे? ती बर्फाचे पाणी करण्यात खर्ची पडते. एक ग्रॅम बर्फासाठी सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते.

यानंतर शिक्षकांनी स्वतः पाणी उकळून दाखवावे. उकळत्या पाण्यावर दिसणारा पांढरा धूर म्हणजे वाफ नव्हे. वाफ थंड होऊन बनलेले ते पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही.

खरी कसोटी येथून पुढे आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, असे पुस्तक सांगते. समुद्रकिनाऱ्यावरील गावात तापमापीही जवळपास तेच दाखवील. मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळू लागते, कारण तेथे हवेचा दाब कमी असतो. अशा वेळी मुलाने वहीत ९५ लिहिले, तर ते चूक ठरवावयाचे काय? त्यावर लाल रेघ ओढली, तर डोळ्यांपेक्षा पुस्तकावर विश्वास ठेवावा, हा धडा मूल शिकेल. उलट, फरकाचे कारण शोधावयास सांगितले, तर तेथेच विज्ञानाचा आरंभ होईल.

तापमापी, काही पेले आणि एक शेगडी एवढ्या साहित्याची सोय ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांना अवघड नाही. मुलाने प्रामाणिकपणे नोंदविलेल्या आकड्याचा मान राखणे मात्र शिक्षकांच्याच हाती आहे.