कबरीने हलवलेले शहर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, रोमनांनी ल्वार नदीकाठी सीझरोड्युनम नावाचे शहर वसवले. आखीव रस्ते, स्नानगृहे आणि झुंजी पाहायला भलेमोठे गोल प्रेक्षागार. तेच आजचे तूर. चौथ्या शतकात साम्राज्याचे दिवस फिरले, तेव्हा जुन्या इमारतींचे दगड उपसून नवा तट उभारला गेला. आत जागा जेमतेम 9 हेक्टर. प्रेक्षागारही त्या तटातच गुंफले गेले.

एवढ्यावरून शहर संपले असे मानायचे, तर मग तटाबाहेरच्या गर्दीचे काय?

रोमन रिवाजाप्रमाणे मृतांची जागा गावकुसाबाहेर. तूरचा बिशप संत मार्टिन 397 मध्ये कांद या गावी वारला. त्याच्या देहावरून तूर आणि प्वातिए इथल्या लोकांत वाद पेटला. प्वातिएकर रात्री झोपल्याचे पाहून तूरकरांनी देह खिडकीतून बाहेर काढला आणि होडीत घालून गावी आणला, अशी हकिकत पुढे तूरचाच बिशप झालेल्या ग्रेगरीने लिहून ठेवली आहे. मार्टिनला तटापासून सुमारे किलोमीटरभर पश्चिमेला, दफनभूमीत पुरले. पाचव्या शतकात पर्पेच्युअस या बिशपने तिथे भव्य बॅसिलिका बांधली. यात्रेकरू, आजारी, भिकारी, मठवासी सगळे तिकडे लोटू लागले. शहराला दुसरे केंद्र मिळाले, तेही दफनभूमीत!

508 मध्ये फ्रँक राजा क्लोव्हिसने हे नेमके ओळखले. पूर्वेकडच्या रोमन सम्राटाकडून मानाचा लेख आला, तेव्हा त्याने मार्टिनच्या बॅसिलिकेत जांभळा अंगरखा चढवला आणि तिथून तटातल्या मुख्य चर्चपर्यंत घोड्यावरून सोने-चांदी उधळत गेला. राजा फ्रँक, पोशाख रोमन आणि मिरवणूक निघाली ती संताच्या दारातून.

573 मध्ये ग्रेगरी बिशप झाला. तो जुन्या सरदार घराण्यातला. पाच जण वगळता आपल्या आधीचे तूरचे सगळे बिशप आपल्याच नात्यातले, असे तो अभिमानाने सांगतो. नगरसभांचे वजन ओसरले होते, पण बड्या घरांनी सत्ता सोडली नव्हती. बिशपच्या गादीवरून ती चालवली. 589 मध्ये राजाचे अधिकारी करवसुलीची यादी घेऊन आले, तेव्हा ग्रेगरीने आधीच्या राजांनी दिलेली माफी आणि मार्टिनचा धाक दोन्ही पुढे केले. राजाकडून माफीचे पत्र आले. रोमन करव्यवस्था अशीच एकेका शहरातून झिजत गेली.

राजेही संताला वचकून असत. राजा चिल्पेरिकचा रोष ओढवून घेतलेला सरदार गुंत्रम बोसो बॅसिलिकेच्या आश्रयाला आला होता. त्याला बाहेर ओढावे का, हे विचारायला राजाने चक्क कबरीवर पत्र ठेववले. उत्तरासाठी सोबत कोरा कागद. तीन दिवस वाट पाहून दूत कोराच कागद घेऊन परतला. सरदार मात्र आत सुरक्षित राहिला. अर्थात हा धाक सर्वांनाच आवरत नसे; 584 मध्ये एबेरुल्फ नावाच्या दरबाऱ्याचा त्याच आवारात खून पडला.

नॉर्मनांच्या हल्ल्यांनंतर, दहाव्या शतकात, बॅसिलिकेभोवतीच्या वस्तीने स्वतःचा वेगळा तट बांधला. त्यानंतर काही शतके तूर म्हणजे शेजारी-शेजारी उभी दोन गावे होती. चौदाव्या शतकात ती एका तटात आली.