आमच्या घरांतील सागवान

वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचलेल्या ‘बृहत्संहिते’त शय्या व आसनें यांच्या लक्षणांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत शुभ वृक्षांमध्यें ‘शाक’ हें नांव येतें. येथें शाक म्हणजे भाजी नव्हे, आपला साग होय. विजेनें, वाऱ्यानें वा हत्तीनें पाडलेल्या झाडाचें लांकूड वर्ज्य करावें, असेंही तेथें सांगितलें आहे. शुभाशुभाचें ज्याचें त्यानें पाहावें. परंतु पडझडींत आंतून तडकलेलें लांकूड घेऊं नये, हें कोणताही सुतार आजही सांगेल.

सागाचें खरें मोल त्याच्या गाभ्यांत आहे. सालीलगतचें पांढुरकें लांकूड वाळवीचें भक्ष्य. आंतला पिवळसर तपकिरी गाभा मात्र तेलकट असून त्यांतील द्रव्यांमुळें वाळवी व बुरशी सहसा त्याच्या वाटेस जात नाहींत. नीट वाळलेला साग फारसा आकसत नाहीं कीं फुगत नाहीं, म्हणून ऐन श्रावणांतही कपाटाचें दार अडून बसत नाहीं. त्यांत ठोकलेला लोखंडी खिळाही ओकच्या लांकडांतल्यासारखा गंजत नाहीं. याच गुणांवर मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें जहाजें बांधलीं. मलबारी सागाचें ‘ट्रिंकोमाली’ हें लढाऊ जहाज १८१७ सालीं मुंबईस पाण्यांत उतरलें; तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे!

साग मूळचा भारत, ब्रह्मदेश, थायलंड व लाओस येथील. जहाजांसाठीं मलबारचीं जंगलें ओकीं होऊं लागलीं, तेव्हां १८४० नंतरच्या दशकांत कलेक्टर कॉनोली व चातू मेनन यांनीं निलांबूर येथें सागाची लागवड केली. तिच्यांतील वृक्ष आजही पाहावयास मिळतात. ब्रह्मदेशांत उभ्या झाडाची साल व खालचें पांढरें लांकूड कड्यासारखें कापून तें दोन-तीन वर्षें जागींच वाळवीत. कारण ओला साग नदींत बुडतो, वाळलेला तरंगतो. त्या देशानें १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची कीर्ति मोठी आहे. अयोध्येच्या मंदिरासाठीं २०२३ मध्यें बल्लारपुराहूनच लांकूड गेलें. परंतु बाजारांतील पुष्कळसा माल आतां आफ्रिका व दक्षिण अमेरिकेंतील लागवडींचा असतो. तोही सागच, मात्र वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या झाडांत गाभा थोडा आणि पांढरें लांकूड फार.

हें मीं पैसे मोजून शिकलों. एका दुकानांतून ‘अस्सल सागवानी’ म्हणून मेज आणलें. दुसऱ्या पावसाळ्यांत त्याच्या पायांखालीं पिठाचे ढीग दिसूं लागले. गडद पॉलिशाखालीं सारें पांढरें लांकूड होतें! तेव्हांपासून मी वस्तूची वरची बाजू पाहतच नाहीं. खण बाहेर ओढून त्याची मागची फळी पाहावी, मेज उलटें करवावें, रंग न लागलेल्या जागीं नखानें खरवडून वास घ्यावा. सागाचा वास कातड्यासारखा, किंचित् तेलकट असतो. आणि पावतीवर नुसतें ‘लांकडी’ न लिहितां लांकडाचें नांव लिहवून घ्यावें. दुकानदार कां-कूं करूं लागला तर उठावें.

याहून मोठी चूक मात्र आमच्या घरांतच होऊं पाहत होती. आमचा वाडा पाडून इमारत बांधण्याचें ठरलें, तेव्हां पाडकामाचा सर्व माल कंत्राटदाराचा, असें एक कलम करारांत होतें. दादांनीं त्यावर सही केली. त्या ‘माला’त चौदा सागवानी तुळया आणि माजघराचे चार खांब होते, हें कोणीं मोजलेंच नव्हतें. वाडा पाडावयाचा असेल त्यांनीं सहीपूर्वीं तुळया मोजाव्या, लांबी-रुंदी लिहून काढावी, आणि एखाद्या जाणत्या सुताराकडून घनफुटांचा भाव करवून घ्यावा. आम्हांस पुष्कळ रदबदलीनंतर दोनच तुळया परत मिळाल्या.

सुतारानें आधीं त्यांतले खिळे उपसले. सागांत वाळूसारखे बारीक कण असतात, त्यामुळें रंध्याचें पातें त्यानें तीनदां पाजळलें. धुरानें काळ्या पडलेल्या लांकडाचा वरचा थर निघाला, तसा आंतून सोनेरी रंग उघडा पडला आणि तोच वास घरभर पसरला. दादा दारांत उभे होते. बऱ्याच वेळानें ते एवढेंच म्हणाले, “एकीचा झोपाळा कर. मी माजघरांतल्या झोपाळ्यावरच पाढे पाठ केले.”