घर घेण्याआधी (लेखांक ७) : मे महिन्यातली भेग

वायरिंग आणि अर्थिंगचा विषय आज घेणार होतो, पण तो पुढे ढकलतो. नांदेडहून एका वाचकांनी विचारलं आहे : जुनं घर पसंत पडलंय, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे, मालक म्हणतात काळ्या मातीत भेगा पडायच्याच; मग इंजिनिअर न्यायचा कशाला? मालकांचं म्हणणं खोटं नाही. पण भेग कशामुळे पडली आणि ती थांबली आहे का, हे त्यातून कळत नाही, आणि घराची किंमत नेमकी त्यावर ठरायला हवी.

बेसाल्ट झिजून झालेली आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. ही हालचाल वरच्या साधारण तीन-साडेतीन मीटरपर्यंत चालते. त्याखाली ओलावा फारसा बदलत नाही. म्हणून पाया मुरमापर्यंत नेला की वरच्या मातीतच थांबवला, हा पहिला प्रश्न. घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असते, तिथे ओल टिकते. बाहेरच्या भिंतींखालची मात्र उन्हाळ्यात वाळते, कडेची भिंत खचते आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. भिंतीलगतचं मोठं झाड किंवा गळका शोषखड्डा असेल, तर एकच कोपरा हलतो. फक्त गिलाव्यातली केसासारखी रेघ सहसा निरुपद्रवी. पण तीच भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी उतरली, शेजारची चौकट वाकडी झाली, तर प्रकरण गिलाव्याचं राहत नाही. चालू भेग ओळखायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी पक्की चिकटवतात. काच तडकली की भिंत अजून हलते आहे. पावसानंतर माती फुगते, भेगा मिटतात, त्यावर दिवाळीचा रंग चढतो. म्हणून घर एप्रिल-मेमध्ये पाहावं असा माझा आग्रह आहे. गळतीसाठी पावसाळ्यात पुन्हा एकदा.

बँकेचा माणूस घर बघून जातोच, असं बरेच जण म्हणतात. तो कर्जाला तारण पुरेसं आहे का ते बघतो. पाया खणून बघणं त्याचं काम नाही. रेराचं पाच वर्षांचं संरक्षण खरं आहे, ताबा दिल्यापासून बांधकामातला दोष बिल्डरनं दुरुस्त करायचा असतो. पण हे विकासकाच्या प्रकल्पाला लागू. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला रेराची नोंदणीच लागत नाही, आणि मालकानं स्वतः बांधून राहिलेलं घर विकलं तर हे कलम कामाला येत नाही. आपल्याकडच्या रो-हाउस आणि प्लॉटवरच्या घरांचे किती सौदे यात बसतात, ते तुम्हीच आठवा.

लातूरकरांसाठी यात आणखी एक गोष्ट येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या वजनाखाली. तेव्हाच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या क्षेत्रात आला. त्याआधीचं विटांचं घर घेत असाल, तर दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींतून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला आहे का, ते तपासून घ्याच. गिलाव्याआडची सळई शोधणारं यंत्र मिळतं, भिंत फोडावी लागत नाही. पट्टा असलेल्या भिंतीतली भेग आणि नसलेल्या भिंतीतली भेग मी एका मापानं मोजणार नाही. स्लॅब कोणत्या उन्हाळ्यात पडला, हेही विचारा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा उन्हाळ्यात स्लॅबला सात-दहा दिवस पाणी मारायला ते आलं कुठून?

तेव्हा नांदेडच्या वाचकांनी इसार देण्याआधी विक्रेत्याशी संबंध नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर न्यावा, फी स्वतः द्यावी, अहवाल लेखी घ्यावा. मालकांना घाई असेल, तर पायाचा किंवा भिंतीचा दोष निघाल्यास इसार परत, अशी ओळ इसारपावतीत घालून घ्यावी. अर्थिंग पुढच्या आठवड्यात.