नगरमध्याची प्रतिकृती आणि सुरतेचा बाजार (लेखांक ७)

उघड्या आकाशाखाली रस्त्यासारखी मांडणी, मध्ये चौक, कारंजे आणि बाकडी, दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली दर्शनी भिंती आणि त्यांच्या तळाशी दुकानांची ओळ, अशा रूपाने उभ्या राहणाऱ्या मॉलला शहर म्हणावे की शहराचा देखावा म्हणावे, हा प्रश्न वास्तुशास्त्रात बहुधा रूपाच्या अंगाने चर्चिला गेला आहे. भिंती कोणत्या शैलीच्या, दगड खरा की मुलामा दिलेला, यावरच वाद झडत राहिला. या लेखांकात तोच प्रश्न सुरतेच्या आधाराने आणि वेगळ्या बाजूने तपासावयाचा आहे. डुमस रोडवर मॉलची रांग, रिंग रोडवर कापडाची मार्केटे, महिधरपुऱ्याच्या गल्ल्यांत हिऱ्यांचा व्यवहार आणि खजोद येथे हिऱ्यांसाठीच उभारलेले अवाढव्य संकुल, असे व्यापाराचे चार निरनिराळे घाट एकाच शहरात शेजारी-शेजारी पाहावयास मिळतात, आणि रूपापेक्षा मालकी, काम व वावराचा हक्क या गोष्टी शहरपण कसे घडवतात हे त्यांच्या तुलनेतून उलगडते.

यांपैकी मॉलच्या घाटाचे मूळ अमेरिकेतील आहे. व्हिएन्नात जन्मलेला वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन याने १९५६ मध्ये मिनेसोटा राज्यातील एडिना येथे साउथडेल हे संपूर्ण बंदिस्त, वातानुकूलित व्यापारी केंद्र उभे केले, तेव्हा त्याच्याभोवती घरे, शाळा, दवाखाने आणि उद्याने वसून विखुरलेल्या उपनगराला मध्य लाभावा अशी त्याची मूळ योजना होती. प्रत्यक्षात केंद्र राहिले आणि सभोवार मोटारी उभ्या करण्याची पटांगणे पसरली, त्यामुळे उत्तरायुष्यात त्याने या अपत्याचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. बंदिस्त डब्याला लोक विटू लागले तेव्हा विकासकांनी छप्पर काढून टाकले, आणि ओहायोतील कोलंबस येथे १९९९ मध्ये ईस्टन टाउन सेंटर, लॉस एंजेलिसमध्ये २००२ साली द ग्रोव्ह, अशी जुन्या गावाच्या मुख्य रस्त्याचा आभास देणारी संकुले उभी राहिली. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण पुण्यात हडपसरला सापडते: विशेष नगरवसाहतीच्या धोरणाखाली वसलेल्या अमनोरात २०११ मध्ये जो मॉल सुरू झाला, त्याचे मूळ नावच अमनोरा टाउन सेंटर असे होते, आणि दोन इमारतींमधील उघडी जागा हाच त्याचा विशेष मानला गेला.

छप्पर गेले तरी मॉलची आर्थिक यंत्रणा मात्र तीच राहिली, आणि खरा फरक तेथे आहे. मॉलमधील गाळे सहसा विकले जात नाहीत. सर्व जागा एकाच मालकाकडे राहते, तो ती भाड्याने देतो आणि अनेकदा भाड्याच्या जोडीला विक्रीतील हिस्साही घेतो. कोणत्या दुकानाशेजारी कोणते दुकान असावे, म्हणजेच भाडेकरूंची जुळवणी, हा त्याचा मुख्य अधिकार असतो. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाला सवलतीने जागा मिळते आणि लहान दुकानदार त्या गर्दीच्या मोबदल्यात दर चौरस फुटाला अधिक भाडे भरतो. भारतात या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक विकासकांनी बांधकामाचा पैसा लवकर मोकळा करण्यासाठी मॉलमधील गाळे सुटे-सुटे विकले आणि त्यांतील बरेच मॉल ओस पडले, कारण शेकडो मालकांपैकी कोणालाही जुळवणी ठरवता येईना, आणि बंद गाळ्यांशेजारी नवा भाडेकरू येईना. या अनुभवातून मॉल-व्यवसायाने गाळे कधी विकू नयेत हा धडा घेतला.

सुरतेचा रिंग रोड मात्र नेमका विकलेल्या गाळ्यांवर उभा आहे. दीडशेहून अधिक कापड मार्केटांपैकी बहुतेक इमारतींत गाळ्यागणिक मालक वेगळा, भाडेकरू वेगळा आणि त्याच्या धंद्याची उलाढालही वेगळी. लिंबायत, उधना, पांडेसरा भागातील यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड, ज्याला सुरतेत ग्रे म्हणतात, ते रंगाई-छपाईच्या मिलमधून या मार्केटांत येते, येथून भरतकामाला, लेस लावण्याला, घडी घालण्याला वस्त्यांमध्ये जाते, पुन्हा परत येते आणि गठ्ठे बांधून देशभर रवाना होते. या फेऱ्यांवर हमाल, टेम्पोचालक, दलाल, चहावाला, जेवणाचे डबे पोहोचवणारे, घरी बसून टाके घालणाऱ्या स्त्रिया अशी मोठी साखळी जगते. तिच्यात तापी खोऱ्यातील लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली आणि लिंबायत-डिंडोलीत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही आहेत. मार्केटच्या इमारती देखण्या नाहीत. जिने काळवंडलेले, बोळ गठ्ठ्यांनी अडलेले आणि पाट्या एकमेकींवर चढलेल्या असतात. तरीही तेथे उभ्या राहिलेल्या माणसाला आपण शहरात आहोत याविषयी शंका येत नाही, कारण तेथील प्रत्येक हालचालीमागे कोणाचे तरी काम असते आणि त्या कामांचा मेळ कोणा एका कचेरीत ठरलेला नसतो. मॉलचे अपयश ज्याला म्हटले गेले, ती विखुरलेली मालकी येथे बाजाराचा प्राण ठरली आहे, आणि या मालिकेत मांडावयाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

या प्रतिपादनाची किंमतही तितक्याच गंभीरपणे नोंदवली पाहिजे. ज्या इमारतीत सर्वांची मालकी असते तेथे सामायिक जिना, विजेच्या तारा आणि गच्ची यांची जबाबदारी सहज कोणाचीच उरत नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केडला आग लागली तेव्हा वरच्या बेकायदा बांधकामात शिकवणीसाठी बसलेल्या २२ तरुण विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. बाहेर पडण्याची वाट बंद झाल्याने कित्येकांनी वरून उड्या घेतल्या. एकमालकी मॉलमध्ये अग्निशमनाची व्यवस्था, स्वच्छतागृहे, सावली, आणि रात्रीपर्यंत निर्धास्तपणे बसण्याची सोय असते, विशेषतः स्त्रियांना, ज्यांना दुचाकींनी दाटलेल्या चौटा बाजाराच्या चिंचोळ्या रस्त्यात टेकायलाही जागा सापडत नाही. मॉलकडे जाणाऱ्या सुरतकराला शहराची पारख नाही असे मानणे अन्यायाचे होईल. महापालिकेच्या रस्त्याने जे द्यावयास हवे होते आणि दिले नाही, तेच तो तेथे शोधतो.

मालकी विखुरलेली असली की शहरपण आपोआप येते, असेही नाही, आणि याची साक्ष हिऱ्यांच्या व्यापारात मिळते. महिधरपुऱ्यात आणि वराछाच्या मिनी बाजारात व्यापारी व दलाल रस्त्यावर उभे राहून, कधी स्कूटरच्या आसनावर कागदी पुडी उलगडून, विश्वासाच्या बळावर हिऱ्यांचा सौदा करतात; त्याच गल्ल्यांत कार्यालये आहेत, तिजोरीचे कप्पे भाड्याने देणाऱ्या सुरक्षित कोठड्या आहेत, जुनी घरे आहेत आणि खाण्याच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, आहेत. या व्यापाराला सुरक्षित व भव्य घर मिळावे म्हणून खजोद येथे सुरत डायमंड बोर्स उभारले गेले. मॉर्फोजेनेसिस या दिल्लीच्या वास्तुरचना संस्थेने आखलेले, १५ मजली ९ मनोरे एका लांब कण्याने जोडणारे, सुमारे ६७ लाख चौरस फुटांचे आणि चार हजारांहून अधिक कार्यालयांचे हे संकुल १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. येथील कार्यालये व्यापाऱ्यांनीच घेतलेली, म्हणजे मालक हजारो. मनोऱ्यांमधील अंगणेही विचारपूर्वक रचलेली. तरी उद्घाटनानंतर बराच काळ बहुतेक कार्यालये बंद राहिली. महिधरपुऱ्यातील दलालाला दिवसातून अनेकदा भेटणारी माणसे, पायी अंतरावरची त्याची तिजोरी आणि वराछा-कतारगामकडची कारागिरांची घरे, यांतले काहीच त्याच्याबरोबर खजोदला हलले नव्हते. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स हिने १९६१ च्या आपल्या ग्रंथात जिवंत रस्त्यासाठी ज्या अटी सांगितल्या, त्यांत वापरांची सरमिसळ, दोन रस्त्यांमधील आखूड ठोकळे (ब्लॉक) आणि दाट वस्ती यांच्याबरोबर जुन्या इमारतीही गणल्या आहेत, कारण नव्याने उठणारा लहान धंदा नव्या बांधकामाचे भाडे सोसू शकत नाही. एकाच वेळी, एकाच हेतूने आणि एकाच दर्जाने बांधलेल्या कोणत्याही संकुलात, मग ते मॉल असो वा बोर्स, हे स्वस्त कोपरे असतच नाहीत.

तिसरी कसोटी हक्काची आहे, आणि ती बहुधा सर्वांत कमी चर्चिली जाते. सर्वोच्च न्यायालयाने सोदनसिंग विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका या १९८९ च्या प्रकरणात रस्त्यावरील विक्री हा व्यवसायस्वातंत्र्याचा, वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला भाग असल्याचे मान्य केले, आणि २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने प्रत्येक शहरात नगर पथविक्रय समिती नेमून तिच्यात किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या. महापालिकेच्या रस्त्यावर लारी लावणाऱ्याची बाजू कितीही दुबळी असली तरी कायद्यात तिला स्थान आहे; मॉलच्या चौकात, तो कितीही उघडा आणि रस्त्यासारखा दिसत असला तरी, त्याला पायही ठेवता येत नाही, आणि काही विकत न घेता बसलेल्या माणसालाही तेथून उठवता येते.

या बाबतीत सुरतेला एक मोठे भाग्य लाभले आहे. मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्यापासून चालत आलेली आणि गुजरातच्या १९७६ च्या अधिनियमाने पुढे नेलेली टीपी (टाउन प्लॅनिंग) योजना, म्हणजे शेतजमिनी एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक वापराचा भाग वजा करून, उरलेल्या नेटक्या भूखंडांचे मूळ मालकांना फेरवाटप करण्याची रीत, येथे शहर वाढवण्याचे मुख्य साधन राहिली; परिणामी विस्तारातील रस्ते महापालिकेच्या ताब्यात आले. महाराष्ट्रातील मोठ्या नगरवसाहतींत रस्त्याचे जाळेच एका विकासकाने आखलेले असते, तर सुरतेत मॉल कितीही मोठा झाला तरी त्याच्या दारापुढचा रस्ता लोकांचा असतो. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या चंदी पडव्याच्या रात्री याचा अर्थ नीट कळतो: घारी ही मिठाई आणि भुसू हे फरसाण घेऊन हजारो कुटुंबे डुमस रोडच्या गौरवपथावर पदपथावरच चादरी अंथरून बसतात. चांगल्या बाकड्यांची वानवा नसलेले मॉल जवळच असतात. सण मात्र रस्त्यावर होतो, कारण तेथे कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणी कोणाला निवडून आत घेतलेले नसते.

म्हणून नगरमध्याचे रूप घेऊ पाहणाऱ्या संकुलाकडून दर्शनी भिंतीच्या प्रामाणिकपणापेक्षा वेगळ्या गोष्टी मागितल्या पाहिजेत: त्याच्या कडेची दुकाने आतल्या चौकाऐवजी सार्वजनिक रस्त्याकडे तोंड करून असावीत, त्यातून आरपार जाणारी वाट कायमची महापालिकेच्या नावे असावी, आणि काही गाळे लहान आकाराचे व विकत घेता येण्याजोगे असावेत, मात्र त्यांच्या सामायिक जिन्याची व अग्निसुरक्षेची जबाबदारी लेखी आणि नेमकी कोणावर तरी असावी. बोर्सच्या भोवती आखलेल्या ड्रीम सिटीत हे अजून शक्य आहे. तेथील उरलेले भूखंड मोठ्या तुकड्यांनी मोजक्या विकासकांना द्यावयाचे, की लहान तुकड्यांनी पुष्कळांना, हा निर्णय कोणत्याही कारंज्याच्या आराखड्याआधी घ्यावा लागेल, आणि तो घेण्याचा अधिकार आज सार्वजनिक यंत्रणेच्या हाती आहे.