फिरत्या संगीत-प्रदर्शनांतील ध्वनि आणि चित्र

चित्रांचें, जुन्या नाण्यांचें किंवा शेतीच्या अवजारांचें प्रदर्शन आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. अशा ठिकाणीं एका मेजावरची वस्तु शेजारच्या मेजावरच्या वस्तूच्या आड येत नाहीं. पाहणारा मान वळवितो, आणि पहिली वस्तु त्याच्यापुरती नाहींशी होते. परंतु प्रदर्शनाचा विषयच संगीत असेल तर काय करावें? कानाला पापणी नाहीं. एका दालनांत वीस ठिकाणीं वीस गाणीं लाविलीं, तर प्रत्येक गाणें उरलेल्या एकोणीस गाण्यांचा नाश करील, आणि उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायांत बाबेल येथें जो घोटाळा झाला त्याची प्रचीति प्रेक्षकांस तिकीट काढून घ्यावी लागेल. बरें, सगळा आवाज बंद करून नुसते पोशाख व वाद्यें कांचेच्या कपाटांत मांडावीं, तर तें संगीताचें प्रदर्शन न राहतां शिंप्याचें व सुताराचें होईल.

हा पेंच कसा सोडवितात हें समजून घेण्यास, लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमनें २०१३ सालीं भरविलेलें ‘डेव्हिड बोवी इज’ हें प्रदर्शन फार उपयोगी आहे. डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) हा इंग्लिश गायक. त्याचे पोशाख, हातानें लिहिलेलीं गीतें, वाद्यें, चित्रफिती अशा तीनशेंहून अधिक वस्तु तेथें मांडल्या होत्या. लंडनमध्यें तीन लाखांवर लोकांनीं तें पाहिलें. पुढें टोरोंटो, साओ पावलो, बर्लिन, शिकागो, पॅरिस, मेलबर्न, ग्रोनिंगेन, बोलोन्या, तोक्यो, बार्सेलोना असा प्रवास करून १५ जुलै २०१८ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्यूझियममध्यें तें संपलें; तोंवर प्रेक्षकांची संख्या वीस लाखांच्या घरांत गेली होती. पालकांपैकीं कित्येकांना बोवीचे वेष व त्याची राहणी रुचणार नाहीं, आणि मलाहि त्याचीं सगळींच गाणीं आवडतात असें नाहीं. परंतु येथें विचार करावयाचा तो गायकाचा नव्हे, त्याचा आवाज बारा शहरांत नीट ऐकूं यावा म्हणून खपणाऱ्या योजकांचा.

प्रवेशद्वाराशीं प्रत्येक प्रेक्षकास एक हेडफोन व त्यास जोडलेलें एक लहानसें ग्राहक यंत्र मिळे. ही योजना जर्मनींतील सेनहायझर कंपनीची. अशा योजनेंत ठिकठिकाणीं बिनतारी खुणा बसविलेल्या असतात. प्रेक्षक एकाद्या खुणेच्या टापूंत शिरला कीं त्याचें यंत्र ती खूण ओळखतें आणि तेथला ध्वनि आपोआप सुरू होतो. कळ दाबावयास नको, क्रमांक शोधावयास नको. ऐकावयास हें सोपें वाटतें; पण योजकाची खरी परीक्षा टापूंच्या सीमांवर होते. टापू फार मोठा ठेवला, तर डोळ्यांपुढें एक पोशाख आणि कानांत भलतेंच गाणें असा प्रकार होतो. फार लहान ठेवला, तर मनुष्य अर्धें पाऊल मागें सरला तरी गाणें तुटतें. म्हणून वस्तु कोठें मांडावी हें ठरवितांना ती कोठून दिसेल एवढाच विचार पुरत नाहीं. ती पाहणारा मनुष्य कोठें उभा राहील, गर्दींत तो किती रेटला जाईल, याचाहि नकाशा काढावा लागतो.

चित्रफितीची गोष्ट निराळी. वस्तूची माहिती सांगणारें निवेदन यंत्रांत साठवून ठेविलें तरी चालतें, कारण तें केव्हांहि आरंभापासून ऐकतां येतें. भिंतीवरचें चित्र मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. मध्येंच आलेल्या प्रेक्षकास चित्राच्या त्याच क्षणाचा आवाज मिळाला पाहिजे. नाहींतर ओठ एक म्हणतील व कान दुसरें ऐकतील. म्हणून असा ध्वनि चित्र दाखविणाऱ्या यंत्राबरोबरच, एकाच घड्याळाच्या हुकमतींत, सर्व ग्राहक यंत्रांकडे बिनतारी पाठवावा लागतो. मागचा पुढचा फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा झाला तरी तो ध्यानांत येऊं शकतो.

हेडफोन काढून मोठ्या ध्वनिक्षेपकांवर ऐकावयाचें म्हटलें, कीं इमारत स्वतः त्या गाण्यांत भाग घेऊं लागते. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. सतरा मीटरांवरच्या दगडी भिंतीवर आपटून तो परत येईपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा लोटतो, तोंवर गाणारा पुढच्या अक्षरावर गेलेला असतो. या विषयाचें शास्त्र प्रथम ज्यानें मोजमापानें सिद्ध केलें, तो वॉलेस सॅबिन हा हार्वर्ड विद्यापीठांतील तरुण अध्यापक होता. १८९५ सालीं तेथल्या फॉग कलासंग्रहालयाचें व्याख्यानगृह नवें बांधलें गेलें, पण त्यांत वक्त्याचा शब्द उच्चारल्यानंतर सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही, आणि एक शब्द दुसऱ्यावर चढून कोणासच कांहीं कळेना. सॅबिननें रात्रीच्या शांततेंत ऑर्गनची एक नळी वाजवून, हातांत घड्याळ घेऊन तो घुमार मोजला. मग जवळच्या नाट्यगृहांतल्या बैठकीवरच्या गाद्या आणून, थोड्या थोड्या वाढवीत, पुनः पुनः मोजला. मऊ वस्तु व माणसांचीं शरीरें ध्वनि गिळतात, आणि किती गिळतात याचा हिशेब मांडतां येतो, हें त्यानें दाखविलें. रिकाम्या चर्चमध्यें गीताची तालीम करणाऱ्या आपल्या मुलांना हें अनुभवानें ठाऊक आहेच: शनिवारीं जें गाणें गडबडून जातें, तेंच रविवारीं बांकें भरलीं असतां स्वच्छ ऐकूं येतें.

आतां फिरत्या प्रदर्शनाची अडचण ध्यानांत येईल. बर्लिन येथील मार्टिन-ग्रोपियस-बाऊ ही १८८१ सालीं पुरी झालेली जुन्या धाटणीची भव्य इमारत. पॅरिसमध्यें जागा मिळाली ती नुकत्याच उघडलेल्या संगीतमंदिरांत. तोक्योंत ती गोदामाच्या इमारतींत मिळाली. तेच ध्वनिक्षेपक, तेंच गाणें, परंतु प्रत्येक जागीं आवाज निराळा. त्यामुळें पेट्यांतून यंत्रें नेतां येतात, मेळ नेतां येत नाहीं. तो प्रत्येक गांवीं नव्यानें साधावा लागतो. कोठें जाड पडदे टांगावे, कोठें छताला मऊ फळ्या लावाव्या, दूरच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज किती क्षण मागें ठेवावा, हें तेथें उभें राहून कानानें ठरवावें लागतें.

उजेडाचीहि अशीच ओढाताण असते. रेशमी व सुती कापडाचा रंग प्रकाशानें उडतो, म्हणून संग्रहालयांत पोशाखांवर सुमारें ५० लक्सपेक्षां अधिक उजेड पडूं देत नाहींत. एक मेणबत्ती एका मीटरवरून जेवढा प्रकाश टाकते तो साधारण एक लक्स. अशा मंद प्रकाशांत पोशाख ठेवून त्याच्या शेजारींच झगझगीत चित्र दाखवावयाचें असतें. शिवाय चित्राची लांबी व उंची दुप्पट केली, कीं तोच प्रकाश चौपट जागेवर पसरून एक-चतुर्थांश होतो, आणि प्रोजेक्टर अधिक मोठा घ्यावा लागतो.

वाहतुकीविषयीं फार लिहीत नाहीं. पूर्वीं आपल्याकडे जत्रेंतल्या तंबूच्या सिनेमावाल्यांना जें करावें लागे, तेंच मोठ्या प्रमाणावर येथें असतें. इंग्लंडांत वीज २३० व्होल्ट, अमेरिकेंत १२०, जपानांत १००. बिनतारी लहरींपैकीं कोणत्या वापरावयास परवानगी, तें प्रत्येक देशाच्या सरकारनें निराळें ठरविलेलें. तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लाविली नाहीं, तर दुसऱ्या गांवीं एक पुरा दिवस तिच्या शोधांत जातो.

इतकें करूनहि एक प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शंभर माणसें एका दालनांत उभीं, प्रत्येकाच्या कानांत निराळें गाणें. कोणी कोणाशीं बोलत नाहीं. बाप मुलाला कांहीं दाखवूं पाहतो, तर मुलाला तें ऐकूं येत नाहीं. बाबेल टळलें खरें, पण तें प्रत्येकास एकटें करून. योजकांनाहि हें जाणवलें असावें, कारण शेवटच्या मोठ्या दालनांत त्यांनीं प्रेक्षकांस हेडफोन काढावयास लाविलें. तेथें प्रचंड पडद्यांवर बोवीच्या जलशांचीं चित्रें चालत आणि सर्व बाजूंच्या ध्वनिक्षेपकांतून एकच गाणें सर्वांना मिळून ऐकूं येई. १० जानेवारी २०१६ रोजीं बोवी वारला, तेव्हां प्रदर्शन हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथें चालू होतें. तेव्हांपासून तेथें येणारांना त्या दालनाचा अर्थ निराळा वाटला असेल.

२०१९ च्या जानेवारींत हेंच प्रदर्शन मोबाईल फोनवर पाहण्याची सोय निघाली. आतां पोशाख हातांतल्या कांचेवर फिरवून जवळून पाहतां येऊं लागले, गीतांचीं हस्तलिखितें वाचतां येऊं लागलीं. कोणत्याहि शहरीं जावयास नको, कीं भिंतींचा घुमार मोजावयास नको. अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून ऐकण्याचें तें शेवटचें दालन मात्र फोनांत मावलें नाहीं.