‘नॉर्मल’ आलेल्या कागदाचा अर्थ

मराठी घरांत ज्याला नुसते ‘शुगर’ म्हटले जाते, त्या मधुमेहाच्या बाबतीत रुग्णाला सर्वाधिक फसवणारा शब्द कोणता असेल, तर तो ‘नॉर्मल’ हा होय. तपासणीचा कागद नॉर्मल आला म्हणजे रोग गेला आणि गोळीचे काम संपले, असा हिशेब मांडून औषध परस्पर बंद करणारे रुग्ण थोडेथोडके नाहीत; वस्तुतः तो आकडा गोळी, आहार आणि व्यायाम यांनी मिळून खाली धरून ठेवलेला असतो, आणि त्यांतील एकाने हात काढून घेतला की तो पुन्हा चढू लागतो. निदानानंतरच्या पहिल्या काही वर्षांत वजन बरेच उतरवल्यास काहींची साखर औषधाविनाही मर्यादेत राहते हे खरे. मात्र वैद्यक त्या अवस्थेला रोगमुक्ती न म्हणता उपशम म्हणते, आणि तिच्यातही नियमित तपासणी सुटत नाही.

भात, भाकरी, पोळी यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज होते, आणि रक्तातील हे ग्लुकोज पेशींनी आत घ्यावे यासाठी स्वादुपिंडातून इन्शुलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत जाऊन त्यांचे काम नियंत्रित करणारे रसायन, स्रवते. प्रौढांत बहुतांशी आढळणाऱ्या टाइप २ मधुमेहात पेशी या इन्शुलिनला पुरेशी दाद देईनाशा होतात, ज्याला इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. स्वादुपिंड काही वर्षे जादा इन्शुलिन तयार करून वेळ निभावून नेते, आणि ते अपुरे पडू लागले की साखर वाढते. त्यामुळे उपाशीपोटी १०० मिलिलिटरमागे १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर, ही निदानाची रेषा ओलांडली जाते तेव्हा आजार आतून बराच पुढे आलेला असतो.

‘अंगात मांस नाही, शुगर कुठून होणार?’ हा प्रश्न मात्र पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधनानेच निकालात काढला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली: उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय हा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या, सरासरी सुमारे २.७ किलो वजनाच्या बाळांची इंग्लंडमधील बाळांशी तुलना केली असता, त्यांचे स्नायू व अवयव लहान असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असल्याचे दिसले. वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त, असा हा देह असल्यामुळे भारतीयांनी वजनकाट्याइतकाच कमरेच्या टेपवरही विश्वास ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आजार आटोक्यात आहे की नाही, हे सांगणारी भरवशाची तपासणी म्हणजे एचबीए१सी. लाल रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटते, आणि या पेशी साधारण १२० दिवस जगत असल्यामुळे, चिकटलेल्या साखरेच्या प्रमाणावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते; ६.५ टक्के वा अधिक प्रमाण मधुमेह दर्शवते. तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळून उपाशीपोटीचा आकडा सुधारून घेणाऱ्यांची चलाखी येथे चालत नाही. तथापि रक्तक्षय असल्यास किंवा विदर्भ व नंदुरबार या भागांतील आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्तदोष असल्यास हा आकडा दिशाभूल करू शकतो, हे डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक असते.

आहाराबाबत समजुतींचा गोंधळ अधिक आहे. साखरेऐवजी गूळ घेतल्याने फारसे काही साधत नाही, कारण गुळातही मुख्यतः तीच शर्करा असते. ज्वारीच्या भाकरीत तंतू अधिक असले, तरी तीन भाकऱ्यांतले पिष्ट ते तीन भाकऱ्यांचेच. आणि उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, वर तूप. मात्र इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेऊन निर्जळी एकादशी करणे त्याहून धोक्याचे, कारण साखर ७० च्या खाली उतरल्यास घाम, थरथर, घाबरेपणा व प्रसंगी बेशुद्धी येते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. ‘इन्शुलिन लागले म्हणजे संपले’ ही समजूतही निराधार आहे. स्वादुपिंडाकडून अपुरे मिळते ते बाहेरून भरून काढणे, एवढाच त्याचा अर्थ. घरात फ्रीज नसल्यास वापरातली कुपी पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून गार माठात ठेवता येते.

डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे यांची वर्षातून एकदा तपासणी करावी, हे बहुतेकांच्या कानावर गेलेले असते. दुर्लक्ष होते ते पायांकडे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने मज्जातंतू बधिर झाले की काटा, खडा किंवा तापलेली फरशी जाणवत नाही, आणि जी जखम दुखत नाही ती चिघळेपर्यंत दिसतही नाही. डॉक्टर नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून ही संवेदना तपासतात, आणि त्याला मिनिटभरही लागत नाही. देवळात अनवाणी फिरून आल्यावर, किंबहुना रोज रात्रीच, मधुमेह्याने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, जमिनीवर आरसा ठेवून तळवा पाहावा, आणि नजर कमी झाली असल्यास घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तो पाहायला सांगावे.